सोफ्याचा मागचा डावा पाय

पौषातल्या एका बुधवारी, शंकरपटानंतर झालेल्या नाटकात, आष्टीहून गोंडपिपरीकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावी रंगमंचावरच्या सागवानी सोफ्याचा मागचा डावा पाय मोडला. त्या वेळी सोफ्यावर नाटकाचा खलनायक पडलेला होता. त्याच नाटकात, त्याच सोफ्यावर तो दुसऱ्यांदा पडला होता.

डावा म्हणजे सोफ्यावर बसणाऱ्याच्या डाव्या हाताचा. प्रेक्षकांना तो उजवीकडे दिसत होता. सकाळच्या बैठकीत यावरही थोडा वेळ गेला.

सोफा नाटक कंपनीचा नव्हता आणि गावाचाही नव्हता. तो आलापल्लीच्या एका मिस्त्रींचा होता. धाकट्या मुलीला द्यायला त्यांनी तो स्वतःच्या हातांनी केला होता. रविवारी चंद्रपुरात तिचा निकाह होता आणि त्याआधी सोफा सासरच्या बैठकीत पोचायला हवा होता. मुलीचे होणारे सासरे चंद्रपुरात प्लायवूडचं दुकान चालवत. आलापल्लीचं सागवान आता आलापल्लीतच मिळत नाही, जे मिळतं ते नावालाच सागवान, असं त्यांनी साखरपुड्याच्या जेवणात चारचौघांत म्हटलं होतं. मिस्त्रींनी जेवण संपवलं. घरी जाऊन त्यांनी सोफा करायला घेतला.

मी त्या वेळी चंद्रपूरच्या एका दैनिकात जिल्ह्याची पानं पाहत होतो. कामानिमित्त अहेरीला गेलो होतो. मिस्त्रींची आणि माझी ओळख जुनी. त्यांची भाड्याची पिकअप चंद्रपूरला निघाली होती, म्हणून मी त्यांच्यासोबत पुढच्या सीटवर बसलो. मागे सोफा होता. त्याला जाड प्लास्टिक गुंडाळलं होतं आणि वरून ताडपत्री बांधली होती. सोफ्याशेजारी हत्यारांची पिशवी होती. सासरच्या दारातून सोफा आत गेला नाही तर पाय काढून पुन्हा बसवता यावेत, अशी मिस्त्रींची तयारी होती.

वाटेतल्या त्या गावात मिस्त्रींचे मित्र राहतात. धानाची शेती आहे आणि गावच्या नाट्यमंडळाचे ते अध्यक्ष आहेत. गावात त्यांना सगळे अध्यक्षच म्हणतात. त्यांच्या लग्नाचा पलंग मिस्त्रींनी केला होता. तो बसवायला आलेले मिस्त्री लग्न लागेपर्यंत थांबले आणि मैत्री झाली. त्यामुळे त्या रस्त्याने जाताना त्यांच्याकडे जेवल्याशिवाय पुढे जायची सोय नव्हती. शिवाय त्या दिवशी गावात पट होता. पट म्हणजे बैलांच्या शर्यती. पटाच्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे असतात आणि पटानंतर रात्रभर नाटक असतं. नाटक कंपनी वडशाहून येते आणि गाव तिकीट लावून तिचं नाटक ठेवतं.

जेवणं झाली. अध्यक्ष पिकअपजवळ गेले आणि ताडपत्रीचं टोक वर करून बराच वेळ आत पाहत राहिले.

“मिस्त्री, कंपनीवाल्यानं मोठ्या सावकाराचा बंगला दाखवला हाय,” ते म्हणाले. “अन् सावकार पलास्टिकच्या खुर्चीवर बसते. मागच्या साली बाजूच्या गावानं खरा सोफा ठेवला होता. लोक अजून बोलून राह्यले.”

“मंग?”

“मंग काई नाई. एका रातीचं काम हाय, म्हटलं.”

“अध्यक्ष, पोरीचा सोफा आहे तो.”

“पोरगी तुही तशी माही. मी काय नेऊन राह्यलो का? रातभर ठेवतो, सकाळी धुऊन देतो.”

“धुऊ नको गा बाबा. सागवान आहे, म्हैस नाई.”

मिस्त्रींनी सोफा दिला. अटी दोन घातल्या. प्लास्टिक काढायचं नाही आणि सावकाराचं काम करणाऱ्या नटाशिवाय कोणी बसायचं नाही. तो नट किडकिडीत होता, हे त्यांनी आधी जाऊन पाहून घेतलं.

त्यामुळे नाटकात सावकाराच्या बंगल्यात प्लास्टिक गुंडाळलेला सोफा होता. सावकार बसला की चुरचुर आवाज व्हायचा आणि माइक जवळ असल्याने तो शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. पहिल्या अंकात लोक हसले. दुसऱ्या अंकापर्यंत त्यांना त्याची सवय झाली. माझ्या मागे बसलेल्या एका बाईंनी शेजारणीला सांगितलं, की मोठ्या घरी सोफ्यावर असंच प्लास्टिक ठेवतात, त्यांनी स्वतः नागपुरात पाहिलं आहे.

तिसऱ्या अंकात मारामारी होती. नायकाने खलनायकाला ढकलायचं आणि खलनायकाने जमिनीवर पडायचं, असं ठरलेलं होतं. नायकाचा धक्का थोडा तिरका बसला. खलनायक जमिनीऐवजी सोफ्यावर पडला, प्लास्टिकवरून सोफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरला, तिथून खाली उतरला आणि उभाच राहिला. उभा राहिल्यावर त्याने चेहऱ्यावरचा राग तसाच ठेवला. सोफा जागचा हलला नाही.

 मग एक आवाज आला: “वन्स मोर.”

झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या, नाटकात वन्स मोर गाण्याला मिळतो. लावणी आवडली तर ती तीन-तीनदा होते. मारामारीला वन्स मोर मिळालेला मी तोवर पाहिला नव्हता. पहिल्या आवाजानंतर दुसरा, तिसरा आणि मग सगळा मांडव. नायक थांबला. खलनायकाने विंगेत पाहिलं. विंगेतून कोणीतरी हाताने पुन्हा करा असं सांगितलं. याच वेळी एक बक्षीस रंगमंचावर पोचलं. बक्षीस आलं की नाटक थांबवून माइकवर देणाऱ्याचं नाव घ्यायचं, अशी पद्धत आहे. तसं ते घेतलं गेलं, पण वन्स मोरच्या आरड्यात मांडवात ते कोणाला नीट ऐकू आलं नाही. टाळ्या झाल्या.

खलनायक मागे गेला. पहिल्या वेळी त्याला ढकललं होतं. दुसऱ्या वेळी तो पळत आला.

पाय चौकटीत जिथे बसतो, तिथेच तुटला. सोफा एका कोपऱ्यावर झुकला. खलनायक घसरून सावकाराच्या पायाशी आला. सावकाराचं ते वाक्य नव्हतं, पण तो म्हणाला, “पाह्य, माहा बंगला मोडला.” टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या. नाटक पुढे पूर्ण झालं. उरलेल्या वेळात सोफ्याचा तो कोपरा ऑर्गन ठेवायच्या पेटीवर टेकवला होता.

सकाळी मंडळाची बैठक रंगमंचासमोरच बसली, कारण सतरंज्या तिथेच होत्या. मिस्त्री, अध्यक्ष, मंडळाची दहा-बारा माणसं, कंपनीचे मालक, खलनायक आणि मी, एवढे होतो. खलनायकाने तोंड धुतलं होतं, पण भुवया राहिल्या होत्या. तो दिवसा वडशाजवळच्या गावात किराणा दुकान चालवतो आणि बोलायला अतिशय मऊ आहे. विषय एकच होता: भरपाई कोणी द्यायची.

कंपनीचे मालक पहिले बोलले. “कंपनीचं सामान मोडलं तं कंपनी भरते. गावाचं मोडलं तं गाव भरते. हा सोफा दोघाईचाबी नाई. मी कुठी बसवू याले?”

“तुमच्या मान्सानं मोडला जी,” मंडळातले एक म्हणाले.

“माह्या मान्साले जमिनीवर पडाचं होतं. आमच्या नाटकात सोफा नाईच. तुमी आणून ठेवला.”

सूचना देणाऱ्या माणसाला बोलावलं गेलं. रात्रभर वाक्यं सांगून त्याचा घसा बसला होता. त्याने मान हलवून दुजोरा दिला, की नाटकात सोफा नाही.

अध्यक्ष उभे राहिले. “सोफा मी मांगला. मोडला तं मी भरतो. विषय संपला.”

विषय संपला नाही. मंडळातल्या दोघांनी हरकत घेतली. अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून भरलं तर पुढच्या साली कोणी अध्यक्ष व्हायला तयार होणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तिसऱ्याने सुचवलं, की ज्यांनी वन्स मोर म्हटलं त्यांनी भरावं. हे सगळ्यांना पटलं. मग लक्षात आलं, की म्हणजे पूर्ण गाव आणि शेजारची चार गावं.

“तसं नाई,” तो म्हणाला. “पह्यला कोन बोलला ते पाहा. बाकीचे मागून बोलले. कळपात पह्यली मेंढी कोनती, ते पाह्यजे.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“पत्रकार भाऊ, तुमी तं समोर बसले होते. आवाज कुठून आला?”

मी सांगितलं, की आवाज माझ्या डाव्या बाजूने आला.

“तुमच्या डावीकडं कोन होतं?”

माझ्या डावीकडे मिस्त्री होते. मी तसं सांगितलं.

मिस्त्रींनी नाकारलं नाही. ते सतरंजीची किनार सरळ करत होते. “हव,” ते म्हणाले, “मीच बोललो. सोफा हलला नाई ना. पाह्यलं ना तुमी? एवढा मोठा मानूस पडला अन् हलला नाई. मले वाटलं, अजून एकदा लोकाईनं पाह्यलं पाह्यजे.”

खलनायकाने खिशातून शंभराची नोट काढून सतरंजीवर ठेवली. “अन् हे बक्षीस,” तो हळूच म्हणाला. “माइकवर नाव घेतलं ते याईचंच होतं. आलापल्लीचे मिस्त्री. मले वाटलं, सोफ्याचे मालकच पैसे देऊन राह्यले, तं जोरानं पडलं पाह्यजे.”

सगळे नोटेकडे पाहत राहिले. कंपनीचे मालक पहिले भानावर आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: सोफ्याच्या मालकाने, सोफ्यावर पडण्यासाठी, पडणाऱ्याला, सगळ्यांसमोर, आधी पैसे दिले आहेत. म्हणजे भरपाई मिस्त्रींनी मिस्त्रींना द्यायची.

“नोट वापस घ्या जी,” खलनायक म्हणाला.

“स्टेजवर दिलेलं वापस घेत असते का?” मिस्त्री म्हणाले. “लोक थुंकतील.”

नोट सतरंजीवरच राहिली. इतक्यात मिस्त्रींचा फोन वाजला. चंद्रपूरहून मुलीचे सासरे होते. बोलणं आम्हाला एका बाजूने ऐकू आलं.

“जी. जी समधीसाब. सोफा? रस्त्यात आहे.” थोडा वेळ ऐकून घेतलं. “नाई नाई, गाडीत खराबी काही नाई. रस्त्यात एक प्रोग्राम होता.”

तिन्ही वाक्यं खरी होती.

फोन ठेवल्यावर मिस्त्री अध्यक्षांना म्हणाले, “पैशाचं बोलू नको. पैसे घेतले तं पोरीच्या सोफ्यात दुसऱ्याचा पैसा लागला असं होते. अन् मोडका घेऊन गेलो तं समधी प्लायवूडवाला आहे. तो काय म्हनेल ते मले आत्ताच ऐकू येऊन राह्यलं.”

“मंग काय पाह्यजे तुले?”

“पाय पाह्यजे. सागवानाचा, वाळलेला. ओला लावला तं सहा महिन्यात डुलते.”

“मंग काढून लाव ना कुठूनबी.”

“कुठून काढू? तुह्या गावात वाळलेलं सागवान कुठी आहे?”

अध्यक्ष विचार करायला लागले. घराचे दरवाजे बाभळीचे होते, शाळेचे बाक लोखंडी. मंदिराच्या खांबांचं नाव कोणी काढलं नाही. मग अध्यक्षांच्या आणि मिस्त्रींच्या एकाच वेळी लक्षात आलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तुह्याच हातचा आहे,” शेवटी अध्यक्ष म्हणाले.

पलंग अध्यक्षांच्या पुढच्या खोलीत होता. त्याचे पाय मनगटाहून जाड आणि इतक्या वर्षांत काळपट झालेले होते. अडचण अशी होती, की पलंगावर अध्यक्षांचे जावई झोपले होते. ते पटासाठी मूलहून आले होते, रात्रभर नाटक पाहिलं होतं आणि तासाभरापूर्वीच आडवे झाले होते. जावयाला उठवून त्याच्या खालचा पलंग काढायचा, ही गोष्ट घरात कोणी बोलूनही दाखवली नाही.

अध्यक्षांच्या पत्नी दारात उभ्या होत्या.

“सोफा कोनाचा मोडला?” त्यांनी विचारलं.

“मिस्त्रीचा,” अध्यक्ष म्हणाले.

“मोडला कोनी?”

“नाटकवाल्यानं.”

“अन् पाय कोनाचा जाऊन राह्यला?”

 मिस्त्री म्हणाले, “वहिनी, पुढच्या पटाले नवा पाय लावून देतो. याच्याहून चांगला.”

“मिस्त्रीभाऊ, हा तुमीच चांगला म्हनून लावला होता.”

तरीही विटा त्यांनीच दाखवल्या. संडासाचं बांधकाम झाल्यावर उरलेल्या होत्या. चौघांनी पलंगाचा एक कोपरा उचलला. पाचव्याने विटा सरकवल्या. मिस्त्री जमिनीवर आडवे झाले आणि त्यांनी पाय काढला. चौघांपैकी एक खलनायक होता. त्याने स्वतःहून हात लावला होता. जावयाने एकदा कूस बदलली. सगळे थांबले. जावई झोपेतच म्हणाले, “वन्स मोर,” आणि पुन्हा घोरू लागले.

पलंगाचा पाय सोफ्याच्या पायापेक्षा लांब आणि जाड होता. मिस्त्रींनी तो अंगणात बसून कापला, छिलला आणि बाकीच्या तीन पायांसारखा आकार दिला. आकार जुळला, रंग जुळला नाही. बाकीचे तीन पाय पिवळट होते, हा गडद तपकिरी. मिस्त्रींनी त्यावर पॉलिश फिरवलं, तर तो आणखी गडद झाला.

“मागचा आहे,” अध्यक्ष म्हणाले. “भिंतीकडं राहते. कोन पाह्यते?”

मिस्त्रींनी पॉलिशचा डबा बंद केला. दुपार टळून गेल्यावर सोफा पिकअपमध्ये चढवला. अध्यक्षांनी प्लास्टिकवरचे बुटांचे डाग ओल्या फडक्याने पुसले. सतरंजीवरची नोट कोणी उचलली, याची खात्री मला करता आली नाही. आम्ही चंद्रपूरला पोचलो तेव्हा दुकानं उघडी होती. सोफा दारातून पाय न काढता आत गेला.

रविवारी निकाह झाला. मी होतो. जेवणानंतर सोफ्यावरचं प्लास्टिक पहिल्यांदा काढण्यात आलं आणि त्यावर वडीलधाऱ्यांना बसवलं. सासऱ्यांनी बसण्याआधी सोफा भिंतीपासून पुढे ओढायला लावला आणि वाकून चारही पाय पाहिले. ते लाकडाच्या धंद्यातले होते, त्यामुळे हे अपेक्षित होतं. मिस्त्री दाराजवळ उभे होते. त्यांनी हात मागे घेतले होते.

सासऱ्यांनी मागच्या डाव्या पायावर नख ओढलं. मग बोटाने टकटक केलं. मग उभे राहिले.

“ये हुआ आलापल्ली का सागवान,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “असली. पुराना.” मग त्यांनी बाकीचे तीन पाय दाखवले. “मगर समधीसाब, एक ही क्यूँ लगाया? ये तीन कौन से झाड़ के हैं?”

ते तीन पाय आणि सोफ्याची चौकट एकाच झाडाची होती. मिस्त्रींनी ते झाड वनखात्याच्या डेपोत लिलावात स्वतः निवडलं होतं, हे येताना रस्त्यात त्यांनी मला सांगितलं होतं. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि सासऱ्यांना म्हणाले, “माल कमी पडला होता. बाकीचेबी आणून लावतो.”

त्याच दुपारी, मांडव उतरवायला सुरुवात झाली होती तेव्हा, त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. मी शेजारी होतो.

“कोन? हव, मीच. झालं, चांगलं झालं. नाई, बसले सगळे, काई झालं नाई. अध्यक्ष, एक बोलाचं होतं.” मग त्यांनी सगळं सांगितलं.

 मग पलीकडून अध्यक्षांचा आवाज मलाही ऐकू आला.

“जावई काल गेले,” ते म्हणाले. “ये.”

मिस्त्री मंगळवारी गेले. पुढच्या जुम्म्याआधी चंद्रपूरच्या सोफ्याचे चारही पाय एका रंगाचे झाले. सासऱ्यांनी ते आपल्या दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना घरी बोलावून दाखवल्याचं मुलीने वडिलांना फोनवर सांगितलं.

त्यानंतर दोन पट झाले. दोन्ही वेळी मिस्त्रींनी पलंगाचे चार नवे पाय आणायचं कबूल केलं होतं. पहिल्या वेळी लाकूड ओलं होतं, म्हणून त्यांनी ते आणलं नाही. दुसऱ्या वेळी आणलं, पण अध्यक्षांच्या पत्नींनी लावू दिलं नाही. विटांची उंची त्यांना बरी पडते, खाली झाडू फिरतो, असं त्यांनी सांगितलं. ते चार पाय तेव्हापासून अध्यक्षांच्या माळ्यावर आहेत.

गेल्या महिन्यात मी त्या गावी गेलो होतो. पलंग चारही कोपऱ्यांनी विटांवर होता. अध्यक्ष त्यावर झोपले होते.